विश्लेषण : बोट हेच घर, पण मुक्काम फक्त ९० दिवस! युरोपातील सागरी भटक्यांसमोर नेमका कोणता पेच?

भूमध्य समुद्रात एप्रिल उजाडला की मरिनांमध्ये लगबग सुरू होते. हिवाळाभर धक्क्याला बांधून ठेवलेल्या शिडाच्या बोटी पुन्हा प्रवासाला निघतात. या बोटींवर बाराही महिने राहणाऱ्यांमध्ये निवृत्त ब्रिटिश, अमेरिकी, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन दाम्पत्यांचा मोठा भरणा असतो. घर विकून किंवा भाड्याने देऊन त्यांनी बोटीलाच घर केलेले असते. एरवी त्यांना चिंता असते ती वाऱ्याची आणि इंजिनाची. यंदा त्यात पासपोर्टवरील दिवसांच्या हिशेबाची भर पडली आहे. युरोपीय महासंघाची ‘एंट्री-एक्झिट सिस्टीम’ म्हणजे ‘ईईएस’ ही संगणकीय सीमानोंदणी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तिच्या पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. बोटी हिवाळी मुक्काम सोडतात तो हाच काळ. मुलांकडे युरोपात दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या मराठी आई-वडिलांनाही लागू असलेला हा नियम काय आहे आणि त्याने बोटीवरच्या संसाराचे गणित कसे बिघडते, ते पाहू.

हिवाळी मरिना म्हणजे काय?

भूमध्य समुद्र पर्यटन-पत्रकांत दिसतो तसा वर्षभर शांत नसतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तेथे वादळी वारे वाहतात. फ्रान्सच्या बाजूने येणारा ‘मिस्त्राल’, आफ्रिकेकडून धूळ घेऊन येणारा ‘सिरोको’ आणि अचानक उसळणाऱ्या लाटा यांमुळे लहान बोटीने या काळात लांबचा प्रवास करणे धोक्याचे ठरते. त्यामुळे दहा-बारा मीटर लांबीच्या बोटींवर राहणारे लोक शरद ऋतूच्या अखेरीस एखाद्या सुरक्षित बंदरात मुक्काम ठोकतात. सिसिलीतील मरिना दी रागूझा आणि लिकाता, ग्रीसमधील प्रेवेझा, तुर्कस्तानातील मार्मारिस, फिनिके आणि काश ही अशा मुक्कामांची परिचित ठिकाणे आहेत.

मरिनाशी सहसा हंगामाचा किंवा वर्षभराचा करार होतो. बोट बांधण्याची जागा, वीज, पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय त्यात मिळते. उन्हाळ्यात पर्यटकांच्या बोटींनी भरून जाणाऱ्या या बंदरांना हिवाळ्यात ग्राहक हवे असतात आणि बोटकऱ्यांना निवारा हवा असतो. या परस्पर गरजेतून छोट्या वसाहतीच उभ्या राहतात. तेथे शिडे शिवणारे, इंजिन दुरुस्त करणारे, रंगारी, किराणा दुकानदार अशा अनेकांना मंदीच्या महिन्यांत काम मिळते.

आपल्याकडे कोकणात याचा उलटा क्रम दिसतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, डागडुजी आणि रंगरंगोटी होते, जाळी विणली जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास दर्या पुन्हा खुला होतो. कोकणात पावसाळा जे काम करतो, तेच भूमध्य समुद्रात हिवाळा करतो. ऋतू बदलला की निघायचे, हा दोन्हीकडचा शिरस्ता.

निघण्यापूर्वी बोटीची तयारी कशी होते?

हिवाळ्यात स्थिर उभ्या असलेल्या बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात. त्याने वेग कमी होतो आणि इंधन जास्त लागते. म्हणून बोट क्रेनने पाण्याबाहेर काढून तळ घासला जातो आणि शेवाळरोधक रंगाचा हात दिला जातो. खाऱ्या पाण्यात धातू गंजतो. तो वाचवण्यासाठी तळाला जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. पंख्याऐवजी ते झिजतात, म्हणून ते बदलावे लागतात. बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर करणाऱ्या झडपा तपासणे तर जिवाशी गाठ असलेले काम. एक झडप निकामी झाली तरी बोट बुडू शकते.

त्यानंतर डोलकाठीला आधार देणाऱ्या पोलादी तारा, दोर, शिडांची शिवण, इंजिनाचे तेल आणि पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी चक्र यांची पाळी येते. बॅटऱ्या, सौर तावदाने, स्वयंपाकाचा गॅस आणि रेडिओ पाहिले जातात. संकटात सोडायच्या प्रकाशनळ्या आणि जीवरक्षक तराफा यांची मुदत संपलेली नाही ना, याची खात्री करावी लागते. सगळे झाल्यावर हवामानाचा अंदाज पाहत बसायचे. दोन-तीन दिवस अनुकूल वारा मिळेल असे दिसले की दोर सोडायचे. दोघांनीच बोट चालवायची तर रात्रीचा पहाराही आळीपाळीने द्यावा लागतो. थकलेल्या अवस्थेत, वाईट हवामानात निघणे हे अपघाताला आमंत्रण असते. म्हणूनच ‘समुद्रात तारीख ठरवून निघू नये’ हा अनुभवी लोकांचा नियम. नेमक्या याच नियमाला नव्या व्यवस्थेचा छेद जातो.

९० दिवसांचा नियम नेमका काय आहे?

शेंगेन क्षेत्रात २९ देश आहेत. आयर्लंड आणि सायप्रस वगळता महासंघाचे २५ सदस्य आणि आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड, लिश्टेनस्टाइन. या क्षेत्राबाहेरील नागरिकाला अल्पमुदतीसाठी येथे कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. हे दिवस देशागणिक नव्हे, तर सर्व २९ देशांचे मिळून मोजले जातात. इटलीतून ग्रीसला गेल्याने हिशेब नव्याने सुरू होत नाही. प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. शिवाय १८० दिवसांची चौकट रोज पुढे सरकते. म्हणजे कोणत्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे आणि त्यातील मुक्काम ९०च्या आत आहे का, ते पाहायचे.

एक उदाहरण घेऊ. आधीच्या सहा महिन्यांत शेंगेन क्षेत्रात न आलेले एक ब्रिटिश दाम्पत्य १ मार्च २०२६ रोजी सिसिलीतील आपल्या बोटीवर पोहोचले. बोट दुरुस्त करून ते इटली आणि ग्रीसच्या किनाऱ्याने फिरू लागले, तर त्यांचा नव्वदावा दिवस २९ मे रोजी येतो. ३० मेपासून त्यांना शेंगेनबाहेर राहावे लागेल. पुन्हा आत येता येईल ते २८ ऑगस्टला. तेथून पुढे ९० दिवस, म्हणजे २५ नोव्हेंबरपर्यंत. याचा अर्थ जून, जुलै आणि जवळपास पूर्ण ऑगस्ट हे हंगामाचे महिने हातचे जातात आणि कडाक्याच्या हिवाळ्यात पुन्हा बोट सोडावी लागते. पर्यटकाला ९० दिवस भरपूर वाटतात. बोट हेच ज्याचे घर, त्याला मात्र वर्षातून सहा महिने घराबाहेर राहावे लागते.

मग आजवर कसे चालत होते?

ब्रेग्झिटपूर्वी ब्रिटिश नागरिकांना ही अडचण नव्हती. महासंघाचे नागरिक म्हणून त्यांना भूमध्य समुद्रात मुक्तपणे राहता येत असे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्यानंतर ब्रिटिश बोटकरी अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन शेजाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले.

तरीही नियमाची धार बोथट होती. हिशेब पासपोर्टवरील शिक्क्यांवरून होत असे. शिक्के पुसट असत, एकावर एक मारलेले असत, कधी मारलेच जात नसत. सीमेवरील अधिकाऱ्याला पाने उलटून बोटांवर दिवस मोजावे लागत. लहान बंदरांत तर बराचसा कारभार ओळखीवर आणि समजुतीवर चालत असे.

दुसरी सोय क्रोएशियाची होती. हा देश महासंघात असूनही शेंगेनबाहेर होता. त्यामुळे इटलीतील दिवस संपत आले की एड्रियाटिक समुद्र ओलांडून तेथे जाता येत असे. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशिया शेंगेनमध्ये गेला आणि ती वाट बंद झाली. बल्गेरिया आणि रुमानियाच्या सागरी सीमांवरील तपासणी ३१ मार्च २०२४ पासून उठली आणि १ जानेवारी २०२५ पासून हे दोन्ही देश पूर्णपणे शेंगेनचा भाग झाले. शेंगेनचा परीघ वाढत गेला तसे बाहेरचे धक्के कमी होत गेले.

‘ईईएस’मुळे काय बदलते?

नियम तोच आहे, मोजणारा बदलला आहे. आता पहिल्या प्रवेशाच्या वेळी प्रवाशाचा चेहरा टिपला जातो आणि व्हिसाची गरज नसलेल्यांच्या चार बोटांचे ठसे घेतले जातात. १२ वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत. प्रत्येक प्रवेश आणि निर्गमनाची तारीख, वेळ आणि ठिकाण मध्यवर्ती यंत्रणेत नोंदले जाते. उरलेले दिवस यंत्रणा स्वतःच मोजते आणि मुदत ओलांडणाऱ्यांची यादीही तयार करते. नोंदी तीन वर्षे राहतात. बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच वर्षे.

मुदत ओलांडल्यास होणारी शिक्षा प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार वेगळी असते. दंड, हकालपट्टी किंवा काही काळ प्रवेशबंदीही होऊ शकते. प्रवेशबंदी झाली आणि बोट मात्र आतल्या मरिनात अडकली, तर दोघांचे घर आणि आयुष्याची बरीचशी पुंजी परदेशी धक्क्यावर राहते. तिचे भाडे चालू आणि मालकाला मात्र तिच्यापर्यंत पोहोचण्याची सोय नाही, अशी स्थिती ओढवू शकते.

बोटीसाठी आणखी एक अडचण आहे. एका शेंगेन बंदरातून दुसऱ्या शेंगेन बंदरात जाताना सीमातपासणी होत नाही. पण शेंगेन क्षेत्र सोडताना किंवा त्यात शिरताना अधिकृत सीमाबंदरातच जावे लागते. म्हणजे मुदतीचा शेवटचा दिवस जवळ आला की आधी त्या बंदरात पोहोचायचे, नोंद करायची आणि मग निघायचे. त्या दिवशी वादळ असेल तर? अपवादात्मक परिस्थितीत मुदत वाढवून देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती आपोआप मिळत नाही. मुदतीच्या आत स्थानिक अधिकाऱ्यांकडे जाऊन कारण पटवावे लागते. त्यामुळे शहाणे बोटकरी आठ-दहा दिवस राखीव ठेवतात. ९०पैकी खऱ्या अर्थाने वापरता येणारे दिवस मग ८०च उरतात.

बोटीसाठीही वेगळी मुदत असते का?

असते, आणि गोंधळ तेथेच होतो. महासंघाबाहेर राहणाऱ्या व्यक्तीची, बाहेरच नोंदलेली बोट मूल्यवर्धित कर न भरता महासंघात १८ महिने ठेवता येते. त्यानंतर ती महासंघाबाहेरच्या बंदरात नेऊन आणली की नवी मुदत सुरू होते. म्हणजे माणसाला ९० दिवस आणि बोटीला १८ महिने! मालक विमानाने लंडनला गेला तर त्याचा हिशेब थांबतो, बोटीचा चालूच राहतो. शिवाय दोन्हींचे नकाशेही वेगळे. सायप्रस शेंगेनबाहेर असल्याने तेथे माणसाचे शेंगेनचे दिवस मोजले जात नाहीत. पण सायप्रस महासंघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात असल्याने बोटीची मुदत तेथे थांबत नाही.

दाम्पत्यांत आणखी एक गुंता होऊ शकतो. नवऱ्याकडे ब्रिटिश आणि बायकोकडे आयरिश पासपोर्ट असेल तर तिला महासंघाची नागरिक म्हणून ९० दिवसांची अट लागू नाही. तिच्यासोबत प्रवास करणारा कुटुंबीय म्हणून त्याला काही सवलती मिळतात, पण विवाहाचे पुरावे आणि कागदपत्रे जवळ ठेवावी लागतात. एकाच बोटीवरच्या दोघांना दोन कायदे लागू होतात ते असे.

यातून वाट कोणती?

पहिली वाट म्हणजे आलटून-पालटून राहणे. तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रो, अल्बेनिया आणि ट्युनिशिया हे किनारे शेंगेनबाहेर आहेत. ग्रीसच्या कोर्फू बेटासमोर अल्बेनियाचे सारांडे आहे, तर कोस बेटासमोर तुर्कस्तानचे बोद्रुम. पण या देशांच्याही मुदती आहेत. ब्रिटिश पर्यटकांना तुर्कस्तानात १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. शिवाय अंतरांचा प्रश्न आहे. सिसिलीहून बोद्रुमपर्यंत सहाशेहून अधिक सागरी मैल पडतात. ताशी पाच सागरी मैल वेगाने रात्रंदिवस चालले तरी पाच दिवसांहून जास्त लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा जोरदार वारा असतो. तेव्हा तारखेच्या धाकाने निघणे महागात पडू शकते.

दुसरी वाट दीर्घ मुदतीच्या व्हिसाची. एखाद्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना असेल तर त्या देशातील दिवस ९०मध्ये धरले जात नाहीत आणि अशा व्यक्तींची ‘ईईएस’मध्ये नोंदही होत नाही. फ्रान्स सहा महिन्यांपर्यंतचा पाहुणा व्हिसा देतो. पोर्तुगाल, स्पेन, ग्रीस आणि इटलीत निवृत्तिवेतनधारक, दूरस्थ काम करणारे किंवा गुंतवणूकदार यांच्यासाठी वेगवेगळे मार्ग आहेत. मात्र त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा, आरोग्यविमा आणि अनेकदा जमिनीवरचा पत्ता मागितला जातो. फिरत्या बोटीवर राहणाऱ्याकडे नेमका तोच नसतो. एका देशात जास्त काळ राहिल्यास करनिवासी ठरण्याचा प्रश्नही उभा राहतो.

महासंघ सवलत का देत नाही?

ब्रिटन महासंघाच्या नागरिकांना व्हिसाशिवाय सहा महिन्यांपर्यंत राहू देतो, मग उलट सवलत का नाही, असा ब्रिटिश बोटकऱ्यांचा सवाल आहे. ‘रॉयल यॉटिंग असोसिएशन’ आणि ‘क्रूझिंग असोसिएशन’ या संघटनांनी हा विषय लावून धरला आहे. महासंघाचे उत्तर असे की, हा नियम ब्रिटनसाठी केलेला नाही. तो सर्व बाहेरील देशांना सारखाच लागू आहे. एका देशाला सूट दिली तर इतरांना नाकारता येणार नाही.

फ्रान्समध्ये तसा प्रयत्न झालाही. तेथे दुसरे घर असलेल्या ब्रिटिशांना दीर्घ मुदतीचा व्हिसा आपोआप मिळावा, अशी तरतूद स्थलांतर विधेयकात घालण्यात आली होती. जानेवारी २०२४ मध्ये तेथील घटना परिषदेने ती रद्द केली. १९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये झालेल्या ब्रिटन-महासंघ शिखर परिषदेत ब्रिटिश प्रवाशांना विमानतळांवरील स्वयंचलित दरवाजे वापरू देण्याबाबत सहमती झाली. ९० दिवसांच्या नियमाला मात्र हात लागला नाही.

मुलांकडे युरोपात जाणाऱ्या भारतीयांनी काय लक्षात घ्यावे?

भारतीयांना शेंगेनसाठी व्हिसा लागतोच. त्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असल्याने ‘ईईएस’मध्ये त्यांचा चेहरा आणि प्रवासाचा तपशील नोंदला जातो. ९०/१८०चा हिशेब मात्र त्यांनाही तितकाच कडक आहे. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आई-वडिलांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, व्हिसाची वैधता आणि मुक्कामाचे दिवस या वेगळ्या बाबी आहेत. व्हिसा एक वर्षाचा असला तरी मुक्काम त्यावर लिहिलेल्या दिवसांपुरताच, आणि तो ९०पेक्षा कमीही असू शकतो. दुसरी, ‘तीन महिने’ म्हणजे ९० दिवस नव्हे. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून ९२ दिवस होतात. तिसरी, मधल्या काळात शेजारच्या शेंगेन देशात फिरून आल्याने दिवस वाढत नाहीत.

एप्रिल २०२४ मध्ये महासंघाने भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरणाऱ्यांना दोन वर्षांचा आणि पुढे पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. ‘नियमानुसार वापरले का’ हे तपासताना आता पुसट शिक्क्यांऐवजी संगणकातील नोंद समोर असेल. एका दिवसाची चूकही तेथे दिसेल. त्यामुळे परतीचे विमान रद्द झाले किंवा आजारपण आले, तर त्याची कागदपत्रे जपून ठेवणे आणि मुदत संपण्याआधीच स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करणे हिताचे.

पुढे काय होणार?

२०२६च्या अखेरच्या तिमाहीत ‘एतियास’ ही पूर्वपरवानगीची व्यवस्था सुरू करण्याचे महासंघाचे नियोजन आहे. व्हिसाची गरज नसलेल्या देशांच्या नागरिकांना त्यासाठी २० युरो भरावे लागतील. भारतीयांना व्हिसा लागत असल्याने ती त्यांना लागू नाही. ‘एतियास’नेही ९० दिवसांत वाढ होणार नाही.

बोटीवरचा संसार त्यामुळे बंद पडणार नाही, पण त्याचा नकाशा बदलू शकतो. पूर्वी हिवाळी मरिना निवडताना निवारा, भाडे आणि शेजार पाहिला जाई. आता तेथून शेंगेनची सीमा किती तासांवर आहे, हा प्रश्न आधी येतो. त्यात तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रो आणि ट्युनिशियातील बंदरांना संधी आहे, तर सिसिली आणि ग्रीसमधील गोद्यांना हिवाळी ग्राहक गमावण्याची धास्ती. निघण्याच्या तयारीतील दाम्पत्यांच्या यादीत दोर, शिडे आणि इंजिनाबरोबर दिवस मोजण्याच्या वहीलाही आता जागा मिळाली आहे.